एकवीस जूनला मैदानात जाताय? बडोद्यातल्या नवख्यांसाठी

योग दिनाला पहिल्यांदा मैदानात उतरणाऱ्या माणसाला आसनं सहसा अडवत नाहीत. अडवतं ते ओलं गवत, खिशातली किल्ली, गुजराती सूचनेतला ‘जमणो पग’ म्हणजे नेमका कुठला पाय हा प्रश्न, आणि पुढच्या रांगेतल्या काकू जमिनीला टेकल्या म्हणून आपणही टेकायचंच हा हट्ट. यातला शेवटचा सगळ्यात महागात पडतो. म्हणून खालची तयारी मुख्यतः मैदानाची आहे. घरातल्या शांत खोलीत रोज योग करणाऱ्यालाही तिचा उपयोग होईल, कारण मैदान वेगळं असतं.

१. कुठे जायचं ते आधी ठरवा

बडोद्यात २१ जूनला एकच कार्यक्रम नसतो. सरकारी मुख्य कार्यक्रम मोठ्या मैदानावर होतो. त्याशिवाय बागा, शाळा, सोसायट्या, व्यायामशाळा आपापले कार्यक्रम घेतात. मुख्य कार्यक्रमाची जागा दर वर्षी तीच राहील असं धरू नका. गेल्या वर्षीच्या फोटोवरून पत्ता काढणारे लोक पहाटे साडेपाचला रिकाम्या मैदानाच्या फाटकाशी उभे राहतात. जागा तीन-चार दिवस आधीच्या स्थानिक वर्तमानपत्रात किंवा महापालिकेच्या सूचनेत बघा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने मोठं मैदान टाळून बागेतला कार्यक्रम निवडावा. कमाटीबागेसारख्या ठिकाणी झाडाची सावली मिळते, शिक्षक दिसतो, चुकलं तर कुणीतरी येऊन खांदा सरळ करून देतं. मोठ्या मैदानात पन्नासाव्या रांगेतून मंचावरचा माणूस काडीएवढा दिसतो आणि आवाज भोंग्यातून अर्धा सेकंद उशिरा पोचतो. तिथला उत्साह मात्र बागेत मिळत नाही, हेही खरं. तो हवा असेल तर जरूर मोठ्या मैदानात जा, पण तयारी दुप्पट करून.

२. नोंदणी आणि कागद

हे कार्यक्रम बहुधा मोफत असतात. नोंदणी लागते तिथे ऑनलाइन फॉर्म किंवा क्यूआर कोड असतो. नाव, मोबाइल नंबर, वय आणि भाग भरला की झालं. कुणी ‘टी-शर्टसकट पास’ म्हणून पैसे मागत असेल तर आयोजकांकडे चौकशी केल्याशिवाय देऊ नका.

सोबत एवढं ठेवा:
– नोंदणीचा स्क्रीनशॉट. मैदानात गर्दीमुळे नेट चालत नाही, म्हणून लिंक उपयोगाची नाही.
– फोटो असलेलं एक ओळखपत्र. मंत्री येणार असतील तर फाटकावर तपासणी होते, आणि मोठी बॅग, छत्री, कधी पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर ठेवायला लावतात.
– ज्येष्ठांच्या खिशात एक चिठ्ठी: घरच्यांचा फोन, चालू औषधं, ॲलर्जी.

३. आधीचे दहा दिवस

आयुष मंत्रालयाने ठरवलेला सामान्य योग अभ्यासक्रम पंचेचाळीस मिनिटांचा आहे आणि देशभर तोच चालतो. पहिल्या योग दिनापासून, म्हणजे २०१५ पासून, त्याचा साचा फारसा बदललेला नाही. त्यामुळे आधी सराव करता येतो आणि तो करावाच.

दहा दिवसांत वीसेक आसनं ‘बसवायचा’ प्रयत्न करू नका. रोज वीस मिनिटं तीनच गोष्टी करा. जमिनीवर मांडी घालून सलग दहा मिनिटं बसणं, वज्रासनात म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर दोन मिनिटं बसणं, आणि जमिनीवर पालथं पडून हाताला झटका न देता उठणं. सोफ्यावर बसणाऱ्या माणसाला मैदानात थकवतं ते उठणं-बसणं. उभं राहून बसायचं, बसून पालथं व्हायचं, पालथ्याचं उताणं व्हायचं, मग पुन्हा उठून बसायचं. गुडघे कुरकुरतात ते या बदलांत.

बागांमध्ये सकाळी योगवर्ग भरतात. तिथे चार-पाच दिवस जाऊन आलात तर आणखी एक फायदा होतो: गुजराती सूचना कानावर पडतात.

४. गुजरातीतल्या सूचना

मैदानात सूचना हिंदी आणि गुजरातीत मिळतात. नागपूर, पुणे, कोल्हापूरकडून नुकत्याच आलेल्या माणसाची गंमत इथे होते. ‘जमणो’ म्हणजे उजवा, त्याचा जमण्याशी काही संबंध नाही. ‘डाबो’ म्हणजे डावा. ‘कोणी’ म्हणजे कोपर, तेव्हा ‘कोणी सीधी राखो’ ऐकून आजूबाजूला बघू नका. ‘घूंटण’ गुडघा, ‘एडी’ टाच, ‘खभो’ खांदा. ‘ऊंधा सूई जाव’ म्हणजे पालथे झोपा, ‘चत्ता सूई जाव’ म्हणजे उताणे. ‘ऊंडो श्वास’ म्हणजे खोल श्वास, आणि ‘पाछा आवो’ म्हणजे परत मूळ स्थितीत या.

मंचावर करून दाखवणारा तुमच्याकडे तोंड करून असतो. काही शिक्षक आरशासारखं उलटं करून दाखवतात, काही नाही. डोळ्यांनी नक्कल केली की निम्मी रांग एकीकडे आणि निम्मी दुसरीकडे झुकते, त्रिकोणासनात हात हातावर आपटतात. कान ठेवायचा तो शब्दाकडे.

५. पिशवी

योगा मॅट चार ते सहा मिलिमीटर जाडीची, साधारण सहा फूट बाय दोन फूट. त्याहून जाड, मऊ मॅट गवतावर दबते आणि एका पायावर उभं राहायच्या वृक्षासनात पाय डुगडुगतो. खरी युक्ती मॅटच्या खाली आहे. जुन्या ताडपत्रीचा किंवा टेबलावरच्या प्लॅस्टिकचा सात बाय तीन फुटांचा तुकडा आधी अंथरा. जूनमध्ये एखादी सर येऊन गेलेली असते आणि बडोद्याची काळी माती मॅटला चिकटली की वाळेपर्यंत निघत नाही. मॅट नसेल तर सतरंजी चालेल. ती गुळगुळीत फरशीवर सरकते, गवतावर नाही.

मॅटशिवाय दोन नॅपकिन घ्या. एक घाम पुसायला आणि शवासनात डोळ्यांवर ठेवायला, दुसरा घडी करून वज्रासनात पोटरी आणि मांडीच्या मध्ये. अर्धा लिटर पाणी, डासांचं मलम आणि चपला ठेवायला एक कापडी पिशवीही लागेल. हजार लोक सारख्याच चपला काढतात आणि परत घालताना शोध सुरू होतो, म्हणून त्या स्वतःच्या मॅटच्या टोकाशी ठेवा.

कपडे सैल आणि सुती. टी-शर्ट लांब असावा, नाहीतर पुढे वाकायच्या पादहस्तासनात तो डोक्यावर येतो. पांढरे कपडे घालायची प्रथा आहे, पण ओल्या मैदानात पांढरी पँट कशी होते ते घरी धुणाऱ्याला विचारा. ओढणी घरी ठेवा. बेल्ट, बांगड्या, जाड घड्याळ नको. किल्ली आणि मोबाइल खिशातून काढून पिशवीत टाका. पालथं पडून छाती उचलायच्या भुजंगासनात किल्ली बरोबर मांडीच्या सांध्यात रुतते.

६. आदली रात्र आणि पहाट

रात्री आठच्या आत हलकं जेवण. खिचडी-कढी उत्तम. सकाळी पोट रिकामं हवं: अर्धा तास आधी एक पेला कोमट पाणी, बस्स. ज्यांना उपाशीपोटी चक्कर येते त्यांनी पाऊण तास आधी अर्धं केळं खावं. चहा टाळलेला बरा. तो नाही घेतला तर डोकं दुखतं म्हणणाऱ्यांनी अर्धा कप घ्यावा, पण मैदानातल्या शौचालयाची रांग डोळ्यांसमोर आणून घ्यावा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी इथे जपावं. औषध घेऊन उपाशीपोटी तासभर हालचाल केली तर साखर घसरू शकते. आदल्या आठवड्यात डॉक्टरांना वेळ सांगून औषध-खाण्याचा क्रम ठरवून घ्या आणि पिशवीत साखर किंवा ग्लुकोजची बिस्किटं ठेवा. हात थरथरले, गार घाम आला तर लगेच खाली बसून ती खायची, आसन पूर्ण व्हायची वाट बघायची नाही.

२१ जून हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. बडोद्यात सूर्य सहाच्या पाच मिनिटं आधीच वर येतो. अभ्यासक्रम बहुतेक वर्षी सातला सुरू होऊन पावणेआठला संपतो, म्हणजे उन्हाला जोर यायला लागतो नेमका तेव्हा. सहाच्या आधी मैदानात पोचा. एवढ्या सकाळी शहर बसच्या भरवशावर राहू नका. दुचाकी असेल तर गाडी कुठे लावली त्याचा फोटो काढा. पार्किंग फाटकापासून लांब असतं आणि परतताना सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात.

७. जागा धरणं

मधली, मंचासमोरची जागा सगळ्यांना हवी असते. नवख्याने रांगेच्या टोकाला बसावं, चौथ्या ते दहाव्या रांगेत. तिथून शिक्षक दिसतो, पुढच्यांकडे बघून क्रम कळतो आणि त्रास झाला तर कुणाच्या मॅटवर पाय न देता बाहेर पडता येतं. अगदी पहिल्या रांगा आमंत्रितांसाठी असतात. तिथे बसलात तर सातला पाच कमी असताना उठवतील.

दोन्ही हात बाजूला पसरून बघा. शेजाऱ्याला बोट लागत असेल तर मॅट थोडी तिरकी करा. पूर्वेकडे तोंड असेल तर ऊन थेट डोळ्यांत येतं. मंच तसाच असेल तर झाडाच्या किंवा मांडवाच्या सावलीतली रांग शोधा. लाउडस्पीकरपासून वीस-पंचवीस फूट तरी लांब राहा, नाहीतर भ्रामरी या भुंग्यासारखा आवाज काढायच्या प्राणायामात स्वतःचा गुंजारव ऐकू येणार नाही.

खुर्ची लागणाऱ्यांनी ती घरून न्यावी, हात नसलेली. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय ओल्या मातीत खचतात आणि खुर्ची एका बाजूला कलते. पायांखाली लाकडी फळी ठेवली की प्रश्न मिटतो. खुर्चीतून अभ्यासक्रमाचा निम्मा भाग सहज होतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित बाब. सहा ते सात या वेळात स्वागत, दीपप्रज्वलन, भाषणं आणि पडद्यावरचं थेट प्रक्षेपण चालतं. तासभर मांडी घालून बसलात तर पहिल्या ताडासनाच्या वेळी पाय बधिर असतो आणि मुंग्या आलेल्या पायावर टाचा उचलताना माणूस पडतो. दर दहा मिनिटांनी मांडी बदला, पाय लांब करा, घोटे गोल फिरवा. साहेबांचं भाषण चाललंय म्हणून ताठ बसायची गरज नाही.

८. ती पंचेचाळीस मिनिटं

सुरुवात ‘संगच्छध्वं संवदध्वं’ या प्रार्थनेने होते, मग मान, खांदे, कंबर आणि गुडघ्यांच्या शिथिलीकरणाच्या हालचाली. या गाळू नका. उशिरा आलेले लोक थेट आसनाला लागतात आणि त्यांचीच कंबर धरते. मान गोल गरगरा फिरवायची नाही. पुढे-मागे, उजवीकडे-डावीकडे, सावकाश.

उभ्याने पाच आसनं: ताडासन, वृक्षासन, पादहस्तासन, अर्धचक्रासन, त्रिकोणासन. वृक्षासनात तळवा गुडघ्यावर टेकवू नका. गुडघ्याच्या वर मांडीला लावा, नाहीतर खाली पोटरीला. गुडघ्याचा सांधा बाजूने दाब सोसायला बनलेला नाही. नजर एका स्थिर गोष्टीवर ठेवायची असते, आणि मैदानात लोक ती पुढच्या माणसाच्या डोक्यावर ठेवतात. तो डुलला की मागची रांग डुलते. मंडपाचा खांब किंवा झाडाचं खोड पकडा. मॅट ओली असेल तर खाली उतरून गवतावर उभे राहा.

पादहस्तासनात हात जमिनीला लागलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. नडगीपर्यंत गेला तरी पुरे. गुडघे ताठ ठेवून हिसके देत खाली जाणं म्हणजे मांडीमागच्या स्नायूंशी आणि कमरेशी वैर. रक्तदाबवाल्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी हे आसन गाळावं. त्यानंतर लगेच मागे वाकायचं अर्धचक्रासन येतं. डोकं खालून थेट मागे नेलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मध्ये दोन श्वास सरळ उभे राहा, मोजणी पुढे गेली तरी.

या मोजणीबद्दल थोडं. हजारो लोकांना एका आवाजावर चालवायचं तर आकडे लागतातच. सामूहिक योग बडोद्याला परका नाही. कैवल्यधाम या योगसंस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, १८८३ साली जवळच्या डभोईत जन्मले, बडोद्यात शिकले, प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात तयार झाले आणि नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजींकडे योग शिकले. पुढे शाळांसाठी सामूहिक योगाचा क्रम बसवणाऱ्यांतही तेच होते. पण आसन सावकाश, झटका न देता करायचं, हा त्यांचा आग्रह होता. तेव्हा भोंगा आठ मोजत असेल आणि तुमचं शरीर पाचावर थांबत असेल, तर पाचावर थांबा.

बसून सहा आसनं: भद्रासन, वज्रासन, अर्धउष्ट्रासन किंवा उष्ट्रासन, शशांकासन, उत्तान मंडूकासन, वक्रासन. गुडघ्याचं दुखणं असेल तर वज्रासन आणि तसेच गुडघे टेकून करायची उष्ट्रासन, शशांकासन, उत्तान मंडूकासन ही सगळीच टाळा आणि मांडी घालून किंवा खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसा. उष्ट्रासनात टाचा पकडायच्या मोहात पडू नका. हात कमरेवर ठेवून केलेलं अर्धं आसन मैदानात पुष्कळ झालं. उत्तान मंडूकासनात दोन्ही हात डोक्यामागून उलट्या खांद्यांकडे जातात. खांदा आखडलेल्यांनी हात मांडीवरच ठेवावेत.

पालथ्याने मकरासन, भुजंगासन, शलभासन. तोंड जमिनीजवळ येतं, म्हणून आधी मॅटवर मुंग्या बघा. भुजंगासनात कोपरं अंगाशी ठेवा, हाताच्या जोरावर ढकलू नका. गरोदर बायकांनी हा सगळा गट सोडावा आणि कुशीवर पडून राहावं. हर्निया किंवा पोटाची शस्त्रक्रिया नुकती झालेल्यांनीही.

उताण्याने सेतुबंधासन, उत्तानपादासन, अर्धहलासन, पवनमुक्तासन. शेवटी शवासन. कंबरदुखी असेल तर दोन्ही पाय एकदम उचलू नका, एकेक उचला. अर्धहलासनात पाय काटकोनापुढे नेऊ नका. शवासनात नॅपकिन डोळ्यांवर. उठताना आधी कुशीवर, मग हाताच्या आधाराने. घाईने सरळ उठणारा हमखास डोकं धरून बसतो.

मग कपालभाती, वीस-वीस ठोक्यांच्या फेऱ्या. इथे मैदानात शर्यत लागते. जोर फक्त श्वास सोडण्यावर, तोही पोटाने. खांदे उडत असतील तर चुकतंय. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार, दमा, पोटातला अल्सर आणि गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर कपालभाती नाही. त्या वेळात शांत बसून नुसता श्वास बघा, कुणी विचारत नाही.

प्राणायामात नाडीशोधन, शीतली आणि भ्रामरी, बहुधा पाच-पाच फेऱ्या. नाडीशोधनात नाकपुडी हलकेच बंद करा, नाक वाकडं होईपर्यंत दाबू नका. शीतलीत तोंडाने हवा आत घेतात. मैदान धुळीचं असेल, जवळून गाड्या जात असतील किंवा सर्दी-टॉन्सिल असेल तर ती सोडून द्या. शेवटी ध्यान, संकल्प आणि ‘सर्वे भवन्तु सुखिनः’. संकल्प चालू असताना मॅट गुंडाळायला लागणाऱ्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो.

९. पाऊस आला तर

रिमझिम असेल तर उभ्याची आसनं मॅटवर करू नका. बाकी चालतं. विजा चमकू लागल्या तर झाडाखाली धावू नका. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. आदल्या रात्री जोरदार पाऊस झाला असेल तर कार्यक्रम ऐनवेळी सभागृहात हलतो आणि निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो. निघण्याआधी पाचला एकदा फोन बघा. कमाटीबागेत असाल तर विश्वामित्रीच्या काठाशी मॅट टाकू नका आणि मुलांना तिकडे सोडू नका. नदीत मगरी आहेत हे बडोदेकरांना सांगावं लागत नाही, नवख्यांना सांगावं लागतं.

१०. संपल्यावर

सकाळीसुद्धा तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतं आणि हवेत इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. पाणी घोट घोट प्या. चिमूटभर मीठ आणि साखर घातलेलं लिंबूपाणी त्याहून चांगलं. दहा मिनिटं सावलीत बसा, फाटकावरची पहिली गर्दी जाऊ द्या. प्रमाणपत्र हवं असेल तर त्याचा क्यूआर कोड पडद्यावर थोडाच वेळ दिसतो, फोटो काढून ठेवा आणि फॉर्म घरी भरा.

खाणं अर्ध्या तासाने. मैदानातून थेट सेव-उसळीच्या गाडीवर जायची बडोद्याची जुनी सवय आहे आणि तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण रिकाम्या पोटी तो लाल तिखट रस्सा ओतलात तर दुपारपर्यंत जळजळ राहील. आधी केळं किंवा दोन बिस्किटं, मग उसळ.

मॅट घरी आल्या आल्या सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि सावलीत दोरीवर टाका. या दमट हवेत वाळायला दोन दिवस लागू शकतात. ओली गुंडाळून कपाटामागे ठेवली की आठवड्यात काळे ठिपके पडतात आणि तो कुबट वास नंतर कशानेच जात नाही.